करंगळीच्या पलीकडचं बोट

लडकू खळ्यावर भात झोडत होता तेव्हा त्याचा मेव्हणा बारकू वैशाखऱ्याहून चालत आला. हातात गुळाची ढेप होती, म्हणजे मुलगा. पण ढेप हवाली केल्यावरही बारकू बसेना, पाणी मागेना, नुसता पायाच्या अंगठ्यानं खळ्याचं सारवण उकरत राहिला. म्हणजे आणखी काहीतरी.

"गोदू कशी हाय?" लडकूनं विचारलं.

"बरी हाय."

"पोर?"

"झ्याक हाय. रडतो बी जोरात."

"मग तू असा चोरावानी का उभा?"

बारकूनं आभाळाकडं पाहिलं. आभाळात काही नव्हतं. "एक बोट जादा हाय, भावजी."

"कुनाला?"

"पोराला. डाव्या हाताला. करंगळीच्या पलीकडं."

लडकूनं हातातली पेंढी खाली ठेवली आणि स्वतःची बोटं मोजली. पाच. दुसऱ्या हाताची मोजली, तीही पाच. मग बारकूची मोजली. त्याचं पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं झाली. माणूस एकदा बोटं मोजायला लागला की त्याला दुसरं काही मोजवत नाही. त्या दिवशी लडकूनं खळ्यावरचे भारे तीनदा मोजले आणि तीनदा वेगळे आले.

लडकूचं गाव खरपाडा. शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अंगाला. साल अडतीस-एकोणचाळीसचं. बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज, म्हणून गोदू वैशाखऱ्याला. सव्वा महिन्यानं नवऱ्यानं जाऊन तिला आणि मुलाला वाजतगाजत आणायचं, हाही रिवाज. मधल्या सव्वा महिन्यात गावानं काय काय बोलायचं याला मात्र रिवाज नव्हता. गाव आपल्या मनानंच बोलत होतं.

लडकूची आई सकुबाई हिनं पहिल्या संध्याकाळीच सासरच्या सात पिढ्या चुलीपुढं उभ्या केल्या. मेलेल्या माणसांची बोटं मोजणं सोपं असतं, कारण ती हात मागं घेत नाहीत. "तुझ्या आज्याला पाच. पणज्याला पाच. तुझ्या चुलत्याला चार होती, पन ते एक कोयत्यानं गेलेलं. सहा कुनालाच नाय."

"मग माझ्या पोराला कुठनं?"

"तेच म्हंते मी," सकुबाई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. तिला म्हणायचं होतं ते ती भाकरीवर थापत होती.

शेजारची गुणाबाई विस्तव मागायला आली. विस्तव तिच्याही चुलीत होता. "सहा बोटांचा मानूस कुनी येताजाता दिसला व्हता काय गो इकडं?" तिनं सहज विचारलं. "मी आपली सहज इचारते."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर लडकू वेडा वाटेल, आणि तो वेडा नव्हता, शेतकरी होता. त्या मुलखात जन्माचं शास्त्र सगळ्यांना पाठ होतं. बी बापाचं, शेत आईचं. नाचणी पेरली तर नाचणी येते, वरी पेरली तर वरी. शेत कुणाचं का असेना. शेताकडून फार तर पीक भरदार की बारीक एवढं ठरतं. माळावरच्या वावरात वरी पेरून नाचणी उगवली असं कुणी सांगितलं तर सगळे एकच विचारतील: पेरून कोण गेलं? लडकूलाही तोच प्रश्न पडला. त्याला दुसरा प्रश्न माहीतच नव्हता.

त्रास असा की गोदू त्याला आवडत होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पावसाळ्यात बांधाच्या बिळात हात घालून खेकडा काढावा तर गोदूनं. तिच्या हातातून सुटलेला खेकडा कुणी पाहिला नव्हता. लडकूला खेकडे चावत आणि ती हसे. ती घरी नव्हती तर घरात चावणारं काही नव्हतं तरी त्याला टोचत होतं. संशय आणि आठवण एकाच घोंगडीखाली झोपायला आली, आणि घोंगडी अपुरी पडली.

सव्वा महिना झाला. लडकू वैशाखऱ्याला गेला नाही. सकुबाईनं जाहीर केलं, "ज्याचं बी त्यानं नाव ठेवावं." मग दोन्हीकडच्या पंचांनी ठरवलं की शिमगा झाला की वैशाखऱ्याला बसायचं. तोवर लडकूला सहा बोटांचा माणूस दाखवता आला तर त्या माणसाला दंड आणि गोदूशी काडीमोड. नाही दाखवता आला तर नुसती काडीमोड. पंचांचा न्याय असा की त्यात आरोपीला वाव नव्हता, पण फिर्यादीला काम भरपूर होतं.

लडकू कामाला लागला.

त्याच सुमारास किन्हवलीला शेतकी खात्याचे ओव्हरसियर आले. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोप, आणि पुण्याला शिकून आलेला उत्साह. भात निघाल्यावर त्या ओलीवर सगळेच वाल टाकतात. साहेबांनी एका वावरात जांभळ्या फुलाचा आणि पांढऱ्या फुलाचा वाल यांचं लग्न लावलं होतं आणि त्याची संतती दाखवायला त्यांनी गावोगावचे शेतकरी बोलावले होते. चहा होता, म्हणून गर्दी होती.

"हे बघा," साहेब म्हणाले, "जांभळा आणि पांढरा यांची पहिली पिढी. फुलं कुठली?"

"जांबळी," सगळे म्हणाले.

"सगळी?"

"सगळी."

"मग पांढरा मेला का?"

"मेला असंल," एक म्हातारा म्हणाला. चहा अजून आला नव्हता.

"मेला नाही! लपला आहे. माजघरात बसलाय. पुढच्या पिढीत बघाल तर चारातलं एक रोप पुन्हा पांढरं. जांभळा गुण प्रबळ, तो लपत नाही. पांढरा दबका, तो दबून राहतो आणि वेळ आली की बाहेर येतो. हा निसर्गाचा कायदा आहे. वालाला लागू, बैलाला लागू, माणसालाही लागू."

लडकू मागून पुढं आला. "सायेब, एक इचारू? माझ्या वळखीचा एक मानूस हाय. त्याच्या गायीला वासरू झाला. त्या वासराला एक खूर जादा हाय."

"करंगळीच्या पलीकडं काय रे?" मागून कुणीतरी विचारलं आणि सगळं वावर हसलं.

साहेब परगावचे असले तरी महिनाभर त्या भागात फिरत होते. ते हसले नाहीत. "सहावं बोट," ते गंभीरपणानं म्हणाले, "जांभळ्या फुलासारखं. प्रबळ गुण. मुलात दिसला तर आईबापांपैकी एकात दिसलाच पाहिजे. त्याला दुसरी वाट नाही."

"बापाला जर नसंल?"

"तर आईला."

"आईचा काय संबंध?" लडकूनं प्रामाणिकपणानं विचारलं.

"संबंध म्हणजे? मूल निम्मं आईचं, निम्मं बापाचं. दोघांकडून सारखंच येतं."

इथं मात्र सभेनं साहेबांची साथ सोडली. मघाचा म्हातारा उठला. "सायेब, तुमी शिकलेले. पन मी सत्तर पावसाळे पेरतोय. बी घरच्या कणगीतनं येतं. अर्धा भात कणगीतनं आला नि अर्धा जमिनीतनं आला, असा मी तरी बघितला नाय." साहेबांनी सांगून पाहिलं की बाई म्हणजे जमीन नव्हे, फुलातसुद्धा नर-मादी असतात, वालाच्या एकाच फुलात दोन्ही असतात. त्यावर वालाच्या फुलाबद्दल जे विनोद झाले ते चहा येईपर्यंत पुरले.

लडकू मात्र घरी निघाला तो पेटून. त्याला नेमकं हवं ते मिळालं होतं. सहावं बोट लपत नाही, ते बापाच्या हातावर असणारच, हे आता सरकारी खात्यानंही सांगितलं होतं. उरलेलं निम्मं, आईचं, त्यानं तिथंच वालाच्या वावरात टाकलं. अर्धं शास्त्र उचलून नेण्यात एक सोय असते. ओझं कमी, आणि माणूस लांब जातो.

पौषी पुनवेला म्हसा गावची जत्रा. बैल, घोंगड्या, नवस फेडणारे, आणि ठाणे जिल्ह्यातला झाडून सगळा पुरुष. लडकू तिथं बैल बघायला गेला आणि त्यानं एकही बैल पाहिला नाही. बैलाचा सौदा रुमालाखाली हात घालून बोटांनी करतात. लडकू प्रत्येक सौद्यात शिरे, रुमालाखाली हात घाली आणि समोरच्याची बोटं चाचपून निघून जाई. संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्यांत बोलवा झाली की एक माणूस आलाय, पक्कं गिऱ्हाईक आहे, भावच फुटू देत नाही.

त्याला सहा बोटांचे पुरुष सापडलेसुद्धा. पहिला टोकावड्याचा. सहावं बोट अंगठ्याच्या बाजूला. लडकूनं त्याला सोडून दिला. त्याला हवं होतं ते करंगळीच्या बाजूला. दुसऱ्याला बरोबर जागी होतं, पण माणूस ऐंशीच्या घरातला, दोन नातवांनी धरून जत्रेला आणलेला.

"बाबा, वैशाखऱ्याला कधी गेला व्हतास?" लडकूनं विचारलं.

"कुठं?"

"वैशाखऱ्याला!"

"नाय रे पोरा, आता घेऊन जा," म्हातारा म्हणाला आणि त्यानं लडकूचा हात धरला. तो सोडवायला दोन्ही नातू लागले.

तिसरा माणूस महत्त्वाचा. घोंगडी विकत बसला होता. बोटं पाच. लडकू पुढं जाणार तेवढ्यात त्या माणसानंच विचारलं, "काय शोधतोस? मघापास्नं बघतोय, लोकांचे हात बघतोस. जोशी हायस काय?"

"सहा बोटांचा मानूस शोधतोय."

"मग बस," घोंगडीवाला म्हणाला आणि त्यानं उजवा हात पुढं केला. "मला सहा व्हती."

"कुठं हायत?"

"लोंबतं व्हतं, नुसतं कातड्यावर. सुईणीनं पाळण्यात असतानाच घोड्याच्या शेपटीचा केस बांधला. आठ-धा दिसांत सुकून पडलं. हात लावून बघ, तांदळाच्या कणीएवढं राहिलंय." लडकूनं करंगळीच्या कडेला बोट फिरवलं. खरंच, कणीएवढा उंचवटा. "हाड असंल तर पडत नाय. नुसतं मांस असंल तर पडतं. पुष्कळांचं असं पाडलेलं असतं. कोन सांगतो?"

लडकू उठला. आतापर्यंत जगात संशयित म्हणजे सहा बोटांचे पुरुष. ते थोडे होते. आता पाच बोटांचेही आले. जत्रेतल्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात हजारो हात हलत होते. कुणी गूळ चोखत होतं, कुणी तंबाखू मळत होतं, कुणी देवाला जोडत होतं, आणि त्यातल्या कुठल्या हाताला कणी असेल हे धरून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यानं धरून पाहायला सुरुवात केली. रात्र पडायच्या आत तीन ठिकाणी मार बसला.

पुढचे दोन महिने लडकू घरी टिकला नाही. वाशिंदच्या स्टेशनात हमालांचे हात बघ, शहापूरच्या बाजारात तेल्याचे बघ, सिद्धगडाच्या रानात लाकूडतोड चालली होती तिथं कोयतेवाल्यांचे बघ (ते त्यानं लांबूनच पाहिले). भेटेल त्याला तो दोन्ही हात धरून रामराम करी. अशानं माणूस मनमिळाऊ म्हणून गाजतो, लडकूही गाजला. वालाच्या शेंगा वावरात वाळल्या, त्या सकुबाईनं एकटीनं काढल्या.

"मिळाला काय रे?" ती विचारी.

"नाय."

"मग आता काडीच मोड आनि बस घरी."

हे ऐकलं की लडकू पुन्हा वहाणा घाली. आपण सहा बोटांचा माणूस शोधायला जातो की घरी बसायला लागू नये म्हणून जातो, हे त्याला कळेनासं झालं होतं. सापडला तर गोदू जाणार होती. नाही सापडला तरी जाणार होती. शोधणं चाललं होतं तोवरच काय ती होती.

शिमग्याच्या आधी सरळगावच्या बाजारात त्याला एक गोष्ट सुचली आणि आधी सुचली नाही म्हणून त्यानं कपाळावर हात मारला. कासार! वैशाखऱ्यापासून किन्हवलीपर्यंत गावोगाव फिरून बांगड्या भरणारा गणू कासार. मुलखातले हात त्याच्याइतके कुणी हाताळले असतील?

गणू कासार एका म्हातारीला बांगड्या भरत होता. लडकू शेजारी उकिडवा बसला.

"गणूशेट, तुमी इतके हात धरता. करंगळीशी कणी असलेला हात कुठं बघितलात?"

"बघितले की. चार-सहा हायत. बांगडी चढवताना त्या कडेला अडते. जपून घ्यावी लागते, नायतर फुटते."

लडकू आणखी पुढं सरकला. "कुनाकुनाचे?"

"ते नाय सांगायचं. कासारानं या हाताचं त्या घरी बोलायचं नसतं."

"आवो, माझा संसार मोडतोय!"

गणूनं म्हातारीचा हात खाली ठेवला आणि लडकूकडं नीट पाहिलं. "तू लडकू. खरपाड्याचा."

"हां."

"पन मी धरतो ते बायकांचे हात. पुरुषांना मी बांगड्या भरत नाय."

लडकू खचला. "बायकांच्या हातांचं मला काय करायचंय? मला बाप शोधायचाय."

"मग शोध बाबा," कासार म्हणाला आणि पुढच्या बाईसाठी बांगड्यांची माळ सोडू लागला. लडकू उठला तेव्हा त्यानं मान न उचलता एवढंच म्हटलं, "घरच्या बांगड्या कदी भरल्यास काय रे? आपल्या हातानं?"

बांगड्या नवऱ्यानं भरायच्या असतात असं लडकूनं कधी ऐकलं नव्हतं. कासाराचं डोकं उन्हानं फिरलं असावं असं त्याला वाटलं. सरळगाव ते खरपाडा ही सगळी वाट तो कासाराची कीव करत चालला.

शिमगा झाला. वैशाखऱ्याला गोदूच्या बापाच्या अंगणाबाहेर मोहाचं मोठं झाड होतं, त्याखाली पंच बसले. मोह फुलला होता. पंचांच्या मुंडाशांवर टपटप फुलं पडत होती आणि पंच ती चोरून तोंडात टाकत होते. मधोमध लखमा पाटील. एका बाजूला सकुबाई, लडकू आणि खरपाड्याची चार माणसं. दुसऱ्या बाजूला गोदूची आई बाईजा, भाऊ बारकू, आणि टोकावड्याचा एक जाडजूड गृहस्थ. गोदूची धाकटी बहीण रंगू हिचं लग्न या गृहस्थाच्या मुलाशी ठरलं होतं, म्हणून त्यालाही पंचांत घेतलं होतं. रंगू उंबऱ्याशी मूल घेऊन उभी होती. फडक्यात गुंडाळलेलं. लडकूनं तिकडं पाहिलं नाही. न पाहता जेवढं दिसेल तेवढं दिसलं.

"सापडला का सहा बोटांचा?" पाटलानं विचारलं.

"नाय."

"गोदू, तुला सांगायचंय काय?"

गोदू दाराबाहेर आली. चार महिन्यांत ती वाळली होती, पण मान ताठ होती. "हे पोर ह्येंचंच हाय. पयल्या दिवशी सांगितलं, आज बी तेच सांगते."

"मग बोट कुनाचं?" सकुबाई म्हणाली.

गोदूनं आईकडं पाहिलं. बाईजानं लुगड्याचा पदर तोंडात धरला आणि टोकावड्याच्या गृहस्थाकडं पाहिलं. गृहस्थ मोहाचं फूल चघळत होता.

"मग काडी आना," पाटील म्हणाला.

काडीमोडीची तिथली रीत अशी: वाळल्या गवताची काडी. एक टोक नवऱ्यानं धरायचं, एक बायकोनं. अशुभ काम, म्हणून डाव्या हातानं. पाटील म्हणतो 'तुटो', आणि दोघं आपापल्याकडं ओढतात. तुटली की सुटली.

लडकूनं डावा हात पुढं केला. गोदूनं डावा हात पुढं केला. आणि लडकूनं तिच्या हाताकडं पाहिलं.

बघायचं म्हणून पाहिलं नाही. सवयीनं पाहिलं. चार महिने समोर येणारा प्रत्येक हात तो आधी करंगळीकडून बघायला लागला होता. पाच बोटं. मनगटापासून वर गोंदण, ते सगळ्याच बायकांना असतं. पण करंगळीच्या खाली, तळहाताच्या अगदी कडेला, एक हिरवं फूल गोंदलेलं होतं. तिथं कोण गोंदतं? आणि फुलाच्या मधोमध, पाकळ्यांच्या आड, तांदळाच्या कणीएवढा उंचवटा.

"तुटो," पाटील म्हणाला.

गोदूनं ओढलं. लडकूनं सोडली. काडी अख्खीच्या अख्खी गोदूच्या हातात गेली आणि ती एक पाऊल मागं गेली.

"नीट धर रे!" पाटील ओरडला.

"थांबा पाटील." लडकूनं गोदूचं मनगट धरलं आणि तिच्या करंगळीच्या कडेवरून बोट फिरवलं, म्हशाला घोंगडीवाल्याच्या फिरवलं तसं. "ह्ये काय हाय?"

"फूल."

"फुलाखाली काय हाय?"

या खेपेला गोदूनं आईकडं पाहिलं नाही. "बोट व्हतं."

"तुझं?"

"मग काय शेजारनीचं? मी पाळन्यात असताना केस बांधून पाडलं. वर गोंदलं."

एका पंचाच्या हातातलं फूल तोंडापर्यंत जाऊन थांबलं.

"मी चार म्हैने..." लडकू बोटांवर मोजू लागला. "वाशिंद झाला, शापूर झाला, म्हसा झाला... तू सांगितलं का नाय?"

"तुमी इचारलंत?" गोदूनं हात सोडवून घेतला नाही, पण तिचा आवाज वाढला. "साऱ्या मुलखाचे हात बघितलेत. बारकू सांगत व्हता, म्हशाला मार खाल्लात. माझा हात तीन वरसं तुमच्या घरात व्हता. त्याच हातानं तुमास भाकरी वाढली. कदी बघितलात? आनि सांगून काय उपेग? तुमी सगळे बाप शोधत व्हते. शेताला कोन इचारतो?"

बाईजाला आता राहवेना. "माजीच चूक, पाटील. मीच तिला शपथ घातली व्हती. रंगूचं लगीन ठरलंय. या घरात सहावं बोट हाय असं कळलं तर ते मोडंल म्हनून. माज्या आयेला व्हतं, लांबलचक, नखासकट. मला काय नाय, हे बघा, दोन्ही हात कोरे. मग हिला झालं. मंग पोराला."

"म्हंजे लपवून लगीन केलंत!" सकुबाई उभीच राहिली. "आमाला फसवलंत! पाटील, आता तर मोडाच काडी!"

हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गोदू एका आरोपातून सुटली ती थेट दुसऱ्यात पडली होती, आणि हा दुसरा खरा होता. पाटलानं मुंडाशावरची फुलं झटकली. मग सगळ्यांनी टोकावड्याच्या गृहस्थाकडं पाहिलं, कारण फसवणुकीची दुसरी बाजू तिथं बसली होती. गृहस्थानं चघळणं थांबवलं, रंगूच्या हातांकडं पाहिलं, तिनं धरलेल्या मुलाकडं पाहिलं.

"आवनीला, भाताची रोपं लावायला," तो सावकाश म्हणाला, "हाताशी एक बोट जादा असलं तर माझी काय हरकत नाय."

"तुमची नसंल! माझी हाय!" सकुबाई म्हणाली. "लडक्या, धर काडी!"

लडकू जागचा हलला नाही. मग तो हलला, पण काडीकडं नाही, उंबऱ्याकडं. त्यानं रंगूच्या हातातून मूल घेतलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. फडक्यातून एक हात बाहेर आला, सहा बोटांचा, सहावं नखासकट, आणि त्यानं लडकूच्या मिशीला हात घातला.

"आये," मिशी सोडवत लडकू म्हणाला, "लपवलं कुनी? हात उघडाच व्हता. मी बघितला नाय."

"काडी!" सकुबाई म्हणाली.

काडी गोदूच्या हातात होती. मूल तिच्याजवळ आलं तसं त्यानं मिशी सोडली आणि काडी धरली. गोदूनं सोडवून पाहिली. लडकूनं पाहिली. पाटलानं स्वतः उठून पाहिली. पण ज्या आईच्या हातून कधी खेकडा सुटला नव्हता, तिचं ते मूल, आणि वर एक बोट जास्त. काडी तोंडात गेली. पंच थांबले. काडी ओली झाली, आणि ओली काडी मोडत नाही, नुसती वाकते. मोहाखाली वाळक्या काड्यांचा खच पडला होता. एकाही पंचानं वाकून दुसरी उचलली नाही. शेवटी पाटलानं जाहीर केलं की काडीअभावी काम तहकूब. ते अजून तहकूब आहे.

जाताना सकुबाई पुढं आणि एकटी चालली. टोकावड्यापर्यंत बोलली नाही. तिथं मूल रडलं तेव्हा मागं वळून म्हणाली, "द्या इकडं. डोकं नीट धरता येत नाय तुमाला."

पुढच्या हंगामात ओव्हरसियर साहेब पुन्हा किन्हवलीला आले. लडकूनं त्यांना वावराच्या बांधावर गाठलं. "सायेब, तुमी म्हनला व्हता, सहावं बोट जांबळ्या फुलावानी. लपत नाय."

"नाहीच लपत."

"माझ्या सासूच्या आयेला व्हतं. बायकोला व्हतं. पोराला हाय. मधी सासूचे हात कोरे. पाडलेलं नाय, नव्हतंच. मधल्या पिढीत कुठं गेलं व्हतं?"

साहेबांनी टोप काढला, घाम पुसला, टोप पुन्हा घातला. "तो अपवाद," ते म्हणाले. "कधीकधी गुण प्रबळ असूनही एखाद्या पिढीत उमटत नाही. आत असतो, दिसत नाही. असं होतं."

"मंग आधी का नाय सांगितलंत?"

"अपवाद आधी सांगितले," साहेब म्हणाले, "तर नियम ऐकायला कोण थांबेल?"

हे लडकूला पटलं. चहा घेऊन तो घरी आला.

दोन वर्षांनी गोदूला मुलगी झाली, या खेपेला खरपाड्यालाच. सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं: बाळ-बाळंतीण सुखरूप, बोटं पाच आणि पाच. गुणाबाई विस्तव मागायला आलीच होती. "पाच?" ती म्हणाली. "पाचच? बरं. मी आपली सहज इचारते."

लडकूनं मान हलवली. ओटीवर बसला. उठला. पुन्हा बसला. अंगणातून जाणाऱ्या रस्त्याकडं त्यानं पाहिलं. रस्त्यानं एक गाडीवान चालला होता, पाच बोटांचा. आईला व्हतं, भावाला हाय, मग हिला का नाय, हा विचार त्याच्या डोक्यात एका बाजूनं शिरला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायची वाट शोधू लागला. नकळत त्याचा पाय वहाणेत गेला.

आतून, बाजेवरून, गोदूचा दमलेला आवाज आला.

"वहाना घातल्यात काय? जाताना एक काडी घेऊन या. हितं दोन पोरं हायत आता ती धरायला."